वाचून दाखवले, मजकूर माझाच

जुन्नरला हमीदचाचांच्या कॅफेतून ईमेल पाठवायचा म्हणजे आधी तो उभं राहून मोठ्यानं वाचावा लागतो. मनातल्या मनात नाही, पुटपुटत नाही. दाराशी चहा पिणाऱ्यालाही कळला पाहिजे अशा आवाजात. आवाज जरा खाली आला की चाचा गल्ल्यावरून ओरडतात, "मोठ्यानं. मागच्याला ऐकू येत न्हाई." वाचून झालं की एक लांबडी वही पुढं येते. तीत लिहायचं, 'वाचून दाखवले, मजकूर माझाच', आणि खाली सही ठोकायची. मग चाचा मान हलवतात आणि आपण बटण दाबायचं.

हे जे मी आत्ता लिहितोय तेही त्यांना वाचून दाखवलंय, वहीत सही केलीय. हौस म्हणून नाही. का, ते पुढं येईलच.

चाचा मूळचे कॅफेवाले नव्हेत. नव्वदच्या दशकात ते तहसील कचेरीबाहेर चिंचेखाली मराठी टाइपरायटर घेऊन बसायचे. अर्ज, तक्रार, प्रतिज्ञापत्र, काय हवं ते. कागद टाइप झाला की अर्जदाराला वाचून दाखवायचा आणि मगच अंगठा घ्यायचा, असा तिथला रिवाज. बाकीचे टायपिस्ट तो उरकून टाकत, चाचा शब्दन्‌शब्द पाळत.

एकदा घाटघरचा एक म्हातारा पुतण्याला घेऊन आला. खरं तर पुतण्याच म्हाताऱ्याला घेऊन आला होता. मजकूर पुतण्यानं सांगितला. चाचांनी टाइप करून वाचायला घेतला, "मी माझ्या राजीखुशीने माझी जमीन..." म्हातारा कानामागं हात धरून ऐकत होता. तो म्हणाला, "थांबा. मी कवा राजी झालो?" पुतण्याला एकदम एस.टी.ची आठवण झाली आणि तो जो निघाला तो परत कचेरीकडं फिरकला नाही. तेव्हापासून चाचांचं ठाम मत आहे की जगातली निम्मी भांडणं न वाचता सही केल्यानं होतात आणि उरलेली निम्मी सही न करता लिहिल्यानं.

पुढं कॉम्प्युटर आले, टाइपरायटर गंजला. चाचांनी बाजारपेठेत दोन कॉम्प्युटर टाकून कॅफे काढला. सुतारानं मध्ये प्लायवूडचे आडोसे करून दिले होते. ते पहिल्याच आठवड्यात उखडून चाचांनी त्यांचं बाकडं करवून घेतलं. "आडोशाला बसून लिवावं लागतंय ते लिवायचंच कशाला?" असा त्यांचा सवाल.

ह्या वहीचा पहिला बळी म्हणजे संपत, बोरी बुद्रुकचा ट्रॅक्टर मेकॅनिक. त्यानं एका मुलीला लिहिलं होतं, 'तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही.' बिचाऱ्यानं ते भर दुपारी, नंबर लावून बसलेल्या चौघांसमोर वाचलं.

चाचांनी विचारलं, "खरं हाय का? जगू शकत न्हाईस?"

"म्हंजी... अवघड जाईल, चाचा."

"मग तसं लिव की."

संपतनं 'तुझ्याशिवाय अवघड जाईल' असं लिहून पाठवलं. त्याचं लग्न त्याच मुलीशी झालं. नवरी म्हणे त्या एका वाक्यावर राजी झाली, एवढं खरं बोलणारा पोरगा तिनं बघितला नव्हता.

'हा निरोप अकरा जणांना पाठवा, नाहीतर आठवड्यात वाईट बातमी येईल' असला मजकूर कुणी पुढं ढकलायला लागला की चाचा चष्मा सावरून विचारतात, "अर्जदार कोण?" ते कुणालाच माहीत नसतं. "पत्ता?" तोही नसतो. "मग फेटाळला," म्हणून चाचा वही मिटतात.

आता माझ्याकडं येतो. यायला नको वाटतं, पण वहीत सही आहे.

मी राजुरीचा, जुन्नरच्या एका कॉलेजात ग्रंथालयात कारकून. त्या सुमाराला एका संकेतस्थळावर जो तो आपापल्या गावाचा गट काढत होता. मी जुन्नरचा गट काढला आणि त्याचा मालक झालो. ग्रंथालयात मला शिपाईसुद्धा विचारत नसे, पण गटात कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला हाकलायचं हे मी ठरवत होतो. पुण्यातली, मुंबईतली, आखातातली आपली माणसं माझ्या मजकुराखाली 'लई भारी, भाऊ' असं लिहायची. दिवसाला दोन 'लई भारी' मिळाले की मला जेवण गोड लागायचं. तिसऱ्यासाठी मी काय वाट्टेल ते लिहायला तयार होतो.

त्या तिसऱ्यासाठीच मी चाचांवर लिहिलं. कॅमेऱ्याचा नवा मोबाईल घेतला होता. दुपारी चाचांना गल्ल्यावर डुलकी लागली होती. तोंड उघडं, चष्म्याची एक काडी मोडलेली आणि तिच्या जागी दोरा बांधून कानाला अडकवलेला. मी गपकन फोटो काढला. त्यांना विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. मजकूर मात्र त्यांच्याच कॅफेतून टाकायची छाती नव्हती, म्हणून जीपनं नारायणगावला गेलो आणि तिथल्या आडोशाच्या कॅफेतून टाकला. नावही माझं दिलं नाही. 'जुन्नरी मिरची' असं झणझणीत नाव घेतलं. मिरची केवढी तिखट होती ते ह्यावरून कळावं.

चाचांचा एकुलता एक मुलगा सलीम काही वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. का गेला, कुठं गेला, हे कुणी विचारत नसे आणि चाचा सांगत नसत. मी लिहिलं, 'बिचाऱ्याला घरात प्यायला पाणी मागायचं तरी अर्ज वाचून सही करावी लागे, म्हणून पळाला.' लिहिताना मी स्वतःच खुदकन हसलो. खाली पंचवीस-तीस जणांनी लिहिलं. मी ते रोज मोजत होतो, वाचत नव्हतो.

चार दिवसांनी मी चाचांच्या कॅफेत माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसलो होतो. शेजारच्या कॉम्प्युटरवर संपत होता. तो एकदम फिस्सकन हसला.

"काय हाय? मोठ्यानं वाच," चाचा म्हणाले.

"काय न्हाई चाचा, फालतू हाय कायतरी."

चाचा उठून आले. पडद्यावर ते स्वतःच झोपलेले होते. त्यांनी वाकून नीट बघितलं.

"अर्जदार कोण?"

"जुन्नरी मिरची," संपतनं वाचलं.

"फोटू त्या खुर्चीतनं काढल्याला दिसतोय." त्यांनी बोट माझ्या खुर्चीकडं केलं.

मी उभा राहिलो. "चुकलं, चाचा. काढून टाकतो. आत्ताच्या आत्ता काढतो."

"काढशील. आदी वाच. ज्याच्यावर लिवलं त्याला आदी ऐकवायचं असतंय. तेवढा हक हाय का न्हाई माजा?"

मी वाचायला लागलो. नारायणगावला जे खुसखुशीत वाटलं होतं ते त्यांच्यासमोर खवट लागायला लागलं. सलीमचं वाक्य आलं आणि माझा आवाजच बसला.

"मोठ्यानं," चाचा म्हणाले. "मागच्याला ऐकू येत न्हाई."

मागं कुणीच नव्हतं. मी मोठ्यानं वाचलं. मला त्या क्षणी स्वतःची किळस आली, दुसरा शब्द नाही.

"मजकूर तुजा?"

"माझाच, चाचा."

वही पुढं आली. मी सही केली. ते म्हणाले, "आता खालचं. लोकांनी काय काय लिवलंय?"

मी एकेक 'लई भारी' वाचत गेलो. प्रत्येकाला चाचा नुसतं "हं" म्हणत होते. अगदी शेवटी एक ओळ होती. लिहिणाऱ्याचा फोटो नव्हता, नाव नुसतं सलीम. 'अब्बांच्या चष्म्याला अजून दोराच?'

मी वाचली आणि मग मला कळलं मी काय वाचलं ते.

"फिरून वाच," चाचा म्हणाले.

मी फिरून वाचली. चाचांनी चष्मा काढून हातात घेतला. "ह्यो दोरा त्यानंच बांधल्याला. जायाच्या आदल्या दिशी." मग दोऱ्यावरून बोट फिरवत म्हणाले, "लई वाईट चिठ्ठी लिवली व्हती मी त्याला. टाइप केली आन् उशाला ठिवली. तेवढी एक वाचून न्हाई दाखवली."

संपत खाली मान घालून बसला होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "चाचा, काढू ना हे?"

"वरचं काढ. फोटू बी काढ. खालची ती वळ तेवढी ठिव."

"वरचं काढलं की खालचं समदं जातंय, चाचा. एकटी वळ ऱ्हात न्हाई," संपत मान वर न करता म्हणाला.

त्यांनी चष्मा परत कानाला अडकवला. सगळा तालुका त्या उघड्या तोंडाला हसलाय आणि पुढंही हसणार आहे, हे त्यांना कळत होतं.

"मग राहू दे," ते म्हणाले. "समदंच राहू दे."

सलीमच्या ओळीखाली त्यांनी मला लिहायला सांगितलं, 'व्हय, तोच दोरा हाय. तुजा अब्बा.' ते मोठ्यानं वाचायची पाळी आता त्यांची होती. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मग मीच वाचलं. वहीत माझ्या सहीखाली त्यांनी सही केली.

माझा तो मजकूर अजून तिथंच आहे. मी लिहिलेल्यातला सगळ्यात हलकट, आणि तोच मला पुसता येत नाही. चाचा रोज सकाळी कुलूप काढलं की पहिला तो उघडतात, स्वतःच्या फोटोवरून भरभर खाली जातात आणि शेवटी नवी ओळ आलीय का बघतात.