रिजेक्ट म्हणणारे निमजे काका

निमजे काकांच्या हातात कुणाचाही फोटो द्या, ते आधी तो उलटा धरतात. डोकं खाली, हनुवटी वर. मग चष्मा कपाळावर चढवून, एक डोळा मिटून मिनिटभर बघत राहतात. माझ्या सख्ख्या आत्याचा फोटो त्यांनी असा धरला, तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नसेल. मी आपलं भोळेपणानं म्हटलं, "काका, उलटा आहे तो."

"मालूम हाय," काका म्हणाले. "सुलटा धरला का आत्या दिसते. मले आत्या नाही पाह्यची, उजेड पाह्यचा हाय." मग फोटो सुलटा करून त्यांनी आत्याकडे एक नजर टाकली आणि माझ्या हातात परत दिला. "रिजेक्ट."

प्रताप नगरच्या बागेत दर रविवारी सकाळी आमचा हा दरबार भरतो. आठ-दहा हौशी लोक. कुणी बँकेत, कुणी शाळेत, मी विमा कचेरीत. मुलगी शिकायला पुण्याला गेली, घर खायला उठलं, म्हणून मी कॅमेरा घेतला. माणसांचे फोटो काढायचे, कागदावर छापून आणायचे आणि सिमेंटच्या बाकावर बसून एकमेकांचे वाभाडे काढायचे, एवढाच आमचा धंदा. मोबाइलवरचा फोटो काकांना चालत नाही. "त्या चमकत्या काचेवर तं म्हैसबी नटी दिसते. कागदावर आण."

काकांच्या घरी वडिलांपर्यंत हातमाग होता. काका मात्र कळमेश्वरच्या एका कारखान्यात माल तपासायला लागले आणि तिथेच निवृत्त झाले. समोर आलेला नग उचलायचा, खोट शोधायची, बाजूला टाकायचा. आता नग येणं थांबलंय, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. भाजीवाल्याची वांगी, पुजाऱ्याचं गंध, शेजारच्या नव्या सुनेची रांगोळी, सगळं त्यांच्याकडून तपासून निघतं.

आमचे वानखेडे सर गरीब माणूस. त्यांनी सासऱ्यांचा फोटो आणला. सासरे झकास उभे, पण मागचा विजेचा खांब नेमका त्यांच्या टाळूतून उगवलेला. काकांनी बराच वेळ पाहिलं. "वानखेडे, सासऱ्यावर एवढा राग काहून गा? बायकोले दाखवला काय? नको दाखवू, बापा. जेवाले नाही भेटणार." सर पुढचे तीन रविवार फक्त मुलांचे फोटो आणत होते, तेही मोकळ्या मैदानात.

माझी पाळी याहून वाईट गेली. कन्हानच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या एका म्हातारीचा फोटो मी काढला होता. काय त्या सुरकुत्या, काय ते डोळे! माझं मलाच भरून येत होतं. सगळे वा वा म्हणाले. काका म्हणाले, "या सुरकुत्या कोणं पाडल्या?"

"म्हणजे?"

"उन्हानं पाडल्या. मंग तुह्यं काय हाय वं याच्यात? नाव काय बाईचं?"

"विचारलं नाही."

"न विचारता बाईचं तोंड उचलून आणलं? रिजेक्ट!"

माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. हा कोण लागून गेला मोठा? फोटो बाकावरच टाकून मी निघून आले आणि दोन रविवार बागेकडे फिरकले नाही. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी दार वाजलं. बाहेर काका, हातात तोच फोटो, पाठीमागे पेन्सिलनं बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं. "चाय पाज," म्हणत आत आले, बसले. "हा डावा डोळा पाह्य. बाई तुह्याशी बोलून राहिली हाय, तू आयकलं नाही. पुन्हा जाय." चहा पिऊन गेले. 'चुकलं' वगैरे काही नाही! मी चडफडत कन्हानला गेले. बाईचं नाव शेवंताबाई. तासभर बोलत बसलो. त्या दिवशीचा फोटो माझ्या बैठकीत लावलाय, येणारा जाणारा थांबून बघतो. आता सांगा, अशा माणसावर धड रागावता तरी येतं का?

एकदा मी हट्टानं त्यांच्या घरी जाऊन त्यांचे स्वतःचे फोटो पाहिले. बघतच राहिले. डबा खाणारे कारखान्यातले कामगार, भिंतीला टेकून झोपलेला चौकीदार, कपाळावर आठ्या घालून हिशेब शिकवणारी एक मास्तरीण. सगळे जिवंत. आणि मधून मधून कमलकाकू. तरुण काकू, मुलगी कडेवर घेतलेल्या काकू, पांढऱ्या केसांच्या काकू. सगळीकडे ओठ घट्ट मिटलेले, तोंडात कडू गोळी धरल्यासारखे. इकडे खऱ्या काकू तर चहा देता देता दहा वेळा हसल्या होत्या. पदर तोंडावर घेऊन, पण हसल्या होत्या.

"काका, काकू हसताना एकही नाही?"

काकांनी अल्बम मिटला. "चाय घे. थंडी होऊन राहिली."

त्यानंतर एका गुरुवारी काका माझ्या कचेरीत आले. समोरच्या खुर्चीत बसले.

"सोमवारी तिचे दात काढून राहिले," म्हणाले. "सगळेच. कवळी बसवाची हाय."

"बरं होईल की. दुखणं तरी जाईल."

"बरं काय वं!" ते ओरडले आणि मग आवाज खाली आणून टेबलाकडे बघत सांगत राहिले. "लग्नानंतर पयला फोटो काढला तिचा. मस्त हासून राहिली व्हती. समोरचे दोन दात जरा पुढं हायेत तिचे. मी म्हणलो, कमल, दात झाक, फोटो बिघडते. झालं. बेचाळीस वर्सं झाले, माह्या कॅमेऱ्यापुढं तिनं तोंड नाही उघडलं. आता थे दात चालले, अन् माह्यापाशी त्याचा एक फोटो नाही." मग माझ्याकडे पाहिलं. "तू काढ. सोमवारच्या पहिले काढ."

मी मान हलवली.

शनिवारी सकाळी गेले. काकू अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी कॅमेरा काढला आणि काका सुरू झाले. "खुर्ची इकडं घे. मान थोडी वाकडी. हनुवटी खाली, कमल, हनुवटी!" काकूंचे ओठ असे मिटले की डब्याचं झाकण बसावं. मी काकांना हात जोडून आत घालवलं आणि दाणे सोलायला बसले. गप्पा मारल्या. काकूंच्या माहेरच्या गोष्टी निघाल्या. काकू हसायच्या, पण मी कॅमेरा उचलला की पदर वर.

शेवटी त्याच म्हणाल्या, "दाताचा फोटो पायजे ना त्याह्यले? त्यायनंच पाठवलं तुले. मी येडी हाव काय?"

मी चोरासारखी खाली बघत शेंग सोलली. तेवढ्यात काका दारात आले. आतून सगळं ऐकत होते, दुसरं काय करणार!

"कमल," ते म्हणाले, "गलती झाली माह्यी. मले तवाबी तुह्ये दात आवडत व्हते. मी फोटोचं पाह्यलं, तुह्यं नाही पाह्यलं."

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मंग सांगाले काय झालं व्हतं? लेकीच्या लग्नात पदर धरून हासली मी. नातू झाला तवाबी."

काका डोळे पुसायचं सोडून उगाच चष्मा पुसत उभे राहिले.

"अन् आता सांगाले आले!" काकू म्हणाल्या. "सोमवारी निंघून चालले थे, अन् हे आज आले पसंत कराले!" आणि त्यांना हसू फुटलं. हात सवयीनं पदराकडे गेला, तोच काकांनी पुढे होऊन तो मनगटाजवळ धरला. "काढ ना वं सुनंदा! पाहून काय राहिली!"

मी काढला. थोडा हललेला आहे, काकूंचा अंबाडा वरून कापला गेलाय, एका बाजूनं काकांचा हात मध्ये घुसलाय. रविवारी छापून दिला. काकांनी तो उलटा न धरताच शर्टाच्या खिशात ठेवला.

सोमवारी दवाखान्यात मीही सोबत गेले, कारण काकूंपेक्षा काकाच जास्त घाबरले होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसतमुख. म्हणाल्या, "काळजी करू नका काका. नवे दात एकदम सरळ बसवू. काकू छान दिसतील."

काकांनी खिशातून फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. "असे पायजे. समोरचे दोन पुढंच ठेवा."

"अहो, लोक मुद्दाम सरळ करून मागतात."

"लोकायचे लोकायले द्या. मले माह्यी बायको वळखू आली पायजे."

"अवो, चूप बसा ना!" खुर्चीत आडव्या झालेल्या काकू म्हणाल्या. "एवढ्या लोकायसमोर! लाज नाही वाटत?" आणि त्या हसल्या, चांगल्या मोठ्यानं, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून.