उंदीर पडेना

सुरभीने सासूबाईंचा अडकित्ता न विचारता उचलला, तेव्हा इंदूबाई लोधिवलीला बारशाला गेल्या होत्या आणि घाईत पानाचा बटवा घरीच राहिला होता. माहेरचा तो पितळी अडकित्ता. त्याला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती. पण नाताळच्या त्या विलायती नृत्यनाट्यातला अक्रोड फोडणारा शिपाई कुंभिवलीच्या शाळेत आणायचा, तर तो सुपारी फोडणाराच हवा, असं सुरभीने ठरवून टाकलं होतं.

तिचा नाचाचा क्लास इंदूबाईंच्याच ओटीवर चालायचा. "येक जरी भानगड झाली, तर क्लास बंद," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

संध्याकाळी शाळेत पडदा वर गेला आणि पहिल्या रांगेत इंदूबाई! बारशाहून घरी जाऊन, बटवा घेऊन आलेल्या. मांडीवर उघडा बटवा, आत हात, कपाळाला आठ्या. सुरभी विंगेत मागे सरकली.

स्टेजवर उंदरांच्या राजाने, म्हणजे जितेशने, अडकित्ता पळवला. आता नाटकातल्या मुलीने, म्हणजे प्रियाने, त्याला चप्पल फेकून मारायची आणि त्याने मरायचं. पण सकाळीच रंगमंचाची पूजा झाली होती, नारळ फुटला होता. गुणी प्रिया चपला खाली काढून वर आली होती. तालमी अंगणात झाल्यामुळे हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"पड ना रं!" सुरभी विंगेतून कुजबुजली.

"चप्पल कुटं लागली? तुमीच सांगितलं, त्याआदी पडायचं नाय!"

लोकांचं भात नुकतंच घरात आलेलं. उंदराबद्दल कोणालाच माया नव्हती. "सोडू नका रं त्याला!" मागून आरोळ्या उठल्या. जितेश घाबरून अडकित्ता परजत पळत सुटला. पितळ दिव्यात लखलखलं.

"माजा अडकित्ता!" इंदूबाई ताडकन उठल्या. पायातली चप्पल सूं करत गेली आणि जितेशच्या पोटावर बसली.

"सुटलो!" म्हणत राजा मेला. टाळ्या थांबेनात.

मुख्याध्यापकांनी तिथेच जाहीर केलं, पुढचा प्रयोग कर्जतला. सुरभी मान खाली घालून सासूबाईंपुढे उभी राहिली. "चुकलं माझं, आई."

"अडकित्ता आता तुला मिळायचा नाय," इंदूबाई सुपारी कातरत म्हणाल्या. सुरभीचे डोळे भरले.

"मी सोता घेऊन येईन. आनि खुर्ची पुढचीच ठेव गं. लांबून नेम बसत नाय."