वर पडलेल्याचा उपवास

घोणशेतच्या कड्यावरून माणूस घसरला की तो वर पडतो. पहिल्यापासून हे असंच आहे. खाली दरी आहे, पण दरीत आजवर कुणी गेलेला नाही. पडणारा सरळ आभाळाकडे निघतो आणि कमरेचा दोर संपला की तिथं लटकत राहतो.

गोमा भांगरे हा तिथला स्वयंसेवक. म्हणजे काम करायचं नि पगार विचारायचा नाही. येणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, दुसरं टोक उंबराला. कुणी पडलाच, तर त्याला जेवू घालायचं. पडलेल्याला ओढून उपयोग नसतो, ओढणाराच वर जातो. खिशात दगड भरूनही भागत नाही. हा डोंगर खिशातलं वजन धरत नाही, पोटातलं धरतो. चार भाकरी नि पिठलं पोटात गेलं, की माणूस डुलत डुलत खाली येतो. म्हणून गोमाची बायको चिमाबाई रोज जास्तीच्या भाकरी थापते.

गोमाच्या वर एक बचाव समिती आहे. समितीकडे नारिंगी जाकिटं आहेत, शिट्ट्या आहेत आणि टिपणीस नावाचे अध्यक्ष आहेत. पडलेला माणूस खाली टेकायच्या बेतात असला की समिती पोचते. फोटो त्याच वेळी चांगला निघतो.

त्या दिवशी दुपारी हेरंब सरपोतदार नावाचा शहरातला तरुण पडला. कड्याकडे पाठ करून तो मोबाइलला स्वतःचं तोंड दाखवत होता.

"सायेब, मागं कडा हाय," गोमा म्हणाला.

"काका, मी लोकांना ट्रेकिंग शिकवतो," हेरंब म्हणाला, आणि वर गेला.

दोराबरोबर सुतळी असतेच. गोमानं भाकरी-पिठल्याचं गाठोडं तिला बांधलं. हेरंबनं ते ओढून घेतलं, हुंगलं आणि कमरेला अडकवून ठेवलं.

"काका, आज संकष्टी! चंद्र दिसल्याशिवाय मी खात नाही."

"वरई पाठवतो की. दाण्याची आमटी."

"छे! माझी कडक असते."

"कडक उपास धरून कड्याव कशाला आलात?"

"आज इथं गर्दी नसते म्हणून!"

गोमा खाली बसला. त्याला राग यायला वेळ लागतो, तेवढा वेळ आज नव्हता. अंधार पडला की घाटाकडून वारा सुटतो. वाऱ्यात दोर पिळतो आणि तुटतो. मागे एकाचा तुटला होता. तो माणूस अजून आलेला नाही. आणि चंद्र उगवणार वाऱ्याच्या नंतर. पूर्वेला डोंगराची रांग आडवी आहे.

उन्हं कलली तशी समिती आली. अजून काहीच खाली येत नाही हे पाहून टिपणीस नाराज झाले. त्यांनी तिथंच सभा भरवली. विषय एकच : चंद्रोदय कुठला धरायचा? एक सभासद म्हणाला मुंबईचा, एक म्हणाला पुण्याचा.

"आणि हा वर आहे त्याचं काय? वरचा चंद्रोदय कुठला?" तिसऱ्यानं विचारलं.

"पंचांगात उंची धरत नाहीत," टिपणीस म्हणाले. "निर्णय पुढच्या सभेत."

गोमाच्या डोक्यात मात्र तेवढंच राहिलं. तो उंबराजवळ गेला.

"सायेब, ह्याला अजून वर सोडला तर रांगेपल्याडचा चंद्र ह्याला आत्ताच दिसंल."

"वर? गोमा, आपली बचाव समिती आहे!" टिपणीस म्हणाले.

गोमानं दोराला दोर जोडले. म्हशीचं दावं जोडलं, मुंडासं जोडलं. हेरंब वर वर जात राहिला.

"दिसला का वो?"

"उजेड दिसतोय! अजून थोडं!"

आता उंबराभोवतीचा वेढा तेवढा उरला होता. तो सोडला तर हातभर लांबी मिळत होती, पण मग टोक कुणीतरी हातात धरायला हवं होतं.

"माझं पाय धरा कुणी," गोमा म्हणाला.

सभासदांनी टिपणीसांकडे पाहिलं. "आम्ही पदाधिकारी," टिपणीस म्हणाले. "हात लावायचं काम स्वयंसेवकाचं."

झाडांचे शेंडे हलू लागले होते. गोमानं वेढा सोडला आणि टोक हाताला गुंडाळलं. क्षणभर तो कड्यावर चवड्यांवर उभा दिसला. मग दिसला नाही.

"दिसला!" वरून हेरंब ओरडला. चंद्र दिसला होता. त्यानं हात जोडले, गाठोडं सोडलं आणि सगळ्या भाकरी एका दमात खाल्ल्या. मग तो खाली यायला लागला. वाटेत वर जाणारा गोमा भेटला.

"काका, तुम्ही पण?"

"हं. पाय आधी टेकवा."

हेरंब टेकला. फोटो झाले. पिठलं गार होतं, अशी तक्रार त्यानं केली आणि टिपणीसांनी तिची दखल घेतली. हेरंबनं कमरेचा दोर सोडला. दुसऱ्या टोकाला गोमा होता, म्हणून तो एका सभासदानं, पदाधिकारी असूनही, उंबराला बांधला.

मग टिपणीसांनी वर पाहिलं.

"गोमाजी, तुम्ही पडलात की ड्यूटीवर आहात?"

गोमानं विचार केला. पडलो म्हणावं, तर स्वयंसेवकाला बोलवावं लागणार. आणि स्वयंसेवक एकच.

"ड्यूटीवर," तो म्हणाला.

"मग काही प्रश्न नाही," टिपणीस म्हणाले, आणि समिती जेवायला गेली.

चिमाबाई कड्यावर आली. तिनं वाऱ्याचा अंदाज घेतला, उंबराची गाठ ओढून पाहिली आणि एक फास वाढवला. मग तीन दगडांची चूल मांडली.

"आवो, किती खाल?"

"टाक की पाच-सहा," वरून आवाज आला. "आन् घाई कर गं, दोर पिळायला लागलाय."

तिनं पीठ मळायला घेतलं.