ताईच्या चेहऱ्यावरच्या रेघा

चित्रकाराने ताईचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं कबूल केलं, तेव्हाच तिने त्याला बजावलं, "सुरकुत्या दिसता कामा नयेत. समजलं?"

चित्रकार तिचा धाकटा भाऊ. त्याने पत्र्यावर मेण चढवलं, सुईने त्यात केसासारख्या बारीक रेघा ओढल्या आणि पत्रा बाल्कनीतल्या अ‍ॅसिडच्या ट्रेमध्ये सोडला. अ‍ॅसिड रेघांमध्ये शिरून तांबं खातं. पत्रा जितका वेळ आत, तितकी रेघ खोल आणि छापल्यावर तितकीच काळी. ताईसाठी त्याने नुसतं बुचकळून काढायचं ठरवलं होतं.

तेवढ्यात हॉलमध्ये फोन वाजला. ताईच होती. त्याच्या फोनची बॅटरी संपत आलेली, त्यामुळे फोन चार्जरला जखडलेला आणि चित्रकार फोनला.

"डोळ्यांखाली हात आखडता घे हं," ताई म्हणाली. तिथून ती डोळ्यांच्या डॉक्टरवर गेली, डॉक्टरवरून त्याच्या बायकोवर.

"ताई, जरा थांब, पत्रा..."

"मधे मधे बोलू नकोस रे! कुठे होते मी? जाऊ दे, पहिल्यापासून सांगते."

ताईचा फोन मधेच ठेवायची त्याची कधीच छाती झाली नव्हती. त्याने बायकोला बाल्कनीकडे हातवारे केले, काढ, काढ! बायकोने समजून मान डोलावली, लगबगीने गेली आणि दोरीवरचे सगळे कपडे काढून आणले.

"ओलेच आहेत की हो!" ती वैतागली.

फोन संपला तोवर रेघांचे चर झाले होते. छाप काढला, तर कागदावरून ऐंशीची एक म्हातारी त्याच्याकडे रोखून बघत होती.

"अगंबाई," बायको म्हणाली, "ताई अशा दिसायला लागेपर्यंत आपण नसू."

संध्याकाळी ताई आली. चित्रासमोर वाकून एकेक रेघ न्याहाळू लागली. चित्रकार दाराच्या दिशेने सरकू लागला. आणि ताई खुदकन हसली.

"गाढवा, माझ्या सासूबाईंचं काढलंस होय? आधी सांगायचं नाही? एकूण एक सुरकुती टिपलीस की!"

"ते... म्हटलं, सरप्राइज," चित्रकाराने घाम पुसला.

ताईने लगेच चित्राला फ्रेम करून घेतली आणि सासूबाईंच्या खोलीत लावायला भावालाही ओढत घरी नेलं. सासूबाईंनी चष्मा पुसला. चित्र जवळ धरलं, लांब धरलं, एकदा सुनेकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे.

"सूनबाई," त्या गहिवरून म्हणाल्या, "हुबेहूब तूच गं! पण माझ्या खोलीत कशाला? हॉलमध्ये लाव, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसू दे."