तात्यांची टिंबं

"केसभर वर, गड्या!" असं तात्या म्हणाले की मी माऊस सोडून चहा मागवायचो.

नव्वदच्या दशकात सांगलीत माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, जाहिराती सुखाने चालल्या होत्या. तेवढ्यात शिराळ्याहून एसटीने तात्या आले. निवृत्त संगीतशिक्षक. त्यांची बायको, यशोदाकाकू, गावातल्या बायकांच्या भजनी मंडळात पुढे बसून गायच्या. त्या मंडळासाठी तात्यांना आपल्या चालींची पुस्तिका हवी होती, स्वरलिपीसकट, नागपंचमीच्या आत.

वरच्या सप्तकातल्या स्वराच्या डोक्यावर टिंब द्यायचं, एवढंच काम. मी सरळ अनुस्वार ठोकले. तात्या भडकले. "अनुस्वार नाकातनं येतो, टिंब गळ्यातनं!"

मग प्रत्येक टिंब वेगळं उचलून अक्षरावर ठेवणं आलं. ओळीत एक शब्द वाढला की अक्षरं पुढे सरकायची आणि टिंबं तिथेच. 'सा'चं टिंब कान्यावर गेलेलंही चालायचं नाही. "टोपी डोक्यावर घालत्यात रं, खांद्यावर न्हाई!"

एकदा एक टिंब काही केल्या पुसलं जाईना. निरखून पाहिलं तर ते पडद्यावर माशीने दिलेलं. जागा मात्र बरोबर होती. "बघ, माशीला कळतंय," तात्या म्हणाले.

अखेर सगळी टिंबं जागेवर बसली. छपाईला द्यायच्या दिवशी तात्या आले आणि खाली बघून म्हणाले, "अंतऱ्यातली वरची टिंबं काढ. समदी."

मी हात जोडले. "तात्या, वेड लावता काय?"

"मिरजेला काकूच्या गळ्याचं आप्रेशन झालं. आता आवाज वर जात न्हाई. सूर चुकला तर बायका हसतील म्हणून मंडळात बसायलाच तयार न्हाई ती. पुस्तकातच खालचा सूर असला, तर चुकंल कशी?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. टिंबं काढत बसलो आणि पुस्तिका वेळेत दिली.

नागपंचमी झाल्यावर तात्या पेढे घेऊन आले. काकू पुढे बसून गायल्या होत्या, आणि बाकीच्या बायकाही त्यांच्यामागून खालच्या सुरात. पेटीवर तात्याच होते. सवयीने बोटं वरच्या सप्तकात गेली, तर काकूंनी भर मंडळात डोळे वटारले.

"काय म्हणाली, ठावं हाय?" तात्या हसत होते आणि डोळे पुसत होते. "म्हणाली, आवं, पुस्तकात बघा की!"