हकीकत तिसऱ्या जागेची आणि तीन किकांची

श्रीकुलस्वामिनी साक्ष असे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, पौष मास, थंडी बहुत, ते समयी जुन्या मोटारसायकलींच्या दौलतीत जे वर्तले ते येथे लिहिले आहे.

दौलत ऐसी की तीस किल्ला नाही, तोफ नाही, आठवड्याचे पाच दिवस ती निजलेली, शनिवारी जागी होई आणि रविवारी धुरात चाले. गाड्या पन्नास वर्षांच्या आणि धनी त्याहून जुने. गादीवर हैबतराव होते. त्यांनी फोनावरून खलिते सोडिले की येत्या रविवारी माळावर मेळा भरेल, आणि मग आठ दिवस मसलत चालली, कोणी म्हणे न्याहारीस पोहे, कोणी म्हणे मिसळ, आणि पोह्यांचा पक्ष जिंकला. मेळ्याची रीत ऐसी की सर्वांनी आपापल्या ठरल्या जागी रांग धरावी आणि तीन किकांत गाडी चालू करावी. न जाहली तर जागा मागल्यास जावी. मग निशाण उठताच सर्वांनी न्याहारीस निघावे. तिसरी जागा तुकोजीरावांची होती, एकतीस वर्षे. ते गेल्या श्रावणात निवर्तले. त्यांची कन्या लाडूबाई, पदरी पाच महिन्यांची लेक, तिने खलिता धाडिला, "बाबांची जागा मी धरीन."

चौथ्या जागी सखोपंत होते. त्यांनी लिहिले, "अगं लाडू, गाडी ओसरीवर ठेव, हार घाल. आम्ही दर्शनाला येतो ना!" बाईंनी उलट लिहिले, "काका, गेल्या साली तुमची गाडी टेम्पोत बसून घरी गेली. हार तिला घालू का?" आणि सारी दौलत हसली. परंतु बाईंच्या मनी धास्ती होती. बाप होता तोवर किक बापाने मारावी आणि मागे लेकीने बसावे, ऐसाच शिरस्ता. आता पोर निजली की बाई अंगणात जात, किक मारीत, तों फटक्याने पोर जागी होई, आणि सातव्या कधी नवव्या किकेस गाडी धडधडू लागली की त्या आवाजात पोर पुन्हा निजे. सातव्या किकेस! आणि रीत तिनाची.

रविवारी प्रातःकाळी माळावर धुके ऐसे की गाड्या पाण्यात उभ्या वाटाव्यात. पहिल्या दोन जागांच्या गाड्या चालू जाहल्या. पोर रडू लागली, म्हणून सखोपंतच पुढे जाहले, "आण इकडे. जागेचं भांडण वेगळं, पोरीचं वेगळं." बाईंनी पहिली किक मारिली, गाडी मुकी. दुसरी मारिली, गाडी खोकली आणि निजली. आता एकच किक उरली. पोर रडतच होती.

हैबतराव हळूच म्हणाले, "घाई नको, बाळ. तुकोजी काय करायचा, ते आठव."

बाईंनी डोळे मिटिले आणि धुक्यात त्यांस बाप दिसला, अंगणात ओणवा, एक बोट गाडीच्या पोटाशी. किक मारण्यापूर्वी तो कार्बोरेटरवरची बारीक कळ दाबून धरी, पेट्रोल झिरपून बोट ओले होई तोवर, आणि मग तेच बोट पुसून लेकीच्या नाकास लावी. आणि लेक म्हणे, "शी, बाबा!" इतकी वर्षे बाईंस वाटे, हा लाड आहे. तो लाड होताच, पण गाडीला घोट पाजण्याची रीतही होती. बाई ओणव्या जाहल्या, कळ दाबिली, बोट थंड ओले जाहले, आणि तिसरी किक मारिली.

गाडी पहिल्याच ठोक्यास बोलली. धड, धड, धड, एकतीस वर्षे बोलत होती तैसीच. आणि सखोपंतांच्या खांद्यावर पोर गप्प जाहली, आणि डोळे मिटले.

हैबतरावांनी निशाण उचलिले तों सखोपंत ओरडले, पण कुजबुजत, "कुणी इंजिन बंद करू नका हो! पोरगी उठेल."

आणि मग बाईंनी बोट पदरास पुसिले, पोरीच्या नाकास लाविले आणि म्हणाल्या, "हे तुझे आजोबा."

एवंच, तिसरी जागा तुकोजीरावांच्या वंशी राहिली. चौथ्या जागी सखोपंत संतोषाने राहिले. मेळा दोन घटका उशिरा निघाला आणि पोहे गार जाहले, कारण पोर निजली होती.