तीन माणसं, वीस लिटर

इरावती एवढंच म्हणाली होती, "श्याम, बाथरूमला पाण्याचा सॉफ्टनर बसवून घेऊ या."

दुसऱ्या कुठल्याही घरात याला "घेऊ" किंवा "नको" असं उत्तर मिळालं असतं आणि मंडळी जेवायला बसली असती. पण श्यामकांत एका लिफ्टच्या कंपनीत पंचवीस वर्षं एस्टिमेट काढत होता, आणि एस्टिमेट काढल्याशिवाय त्याच्या घरात काडी येत नसे. (एका वर्षी केरसुणीचं एस्टिमेट लांबलं आणि लक्ष्मीपूजनाला शेजाऱ्यांची केरसुणी मागून आणावी लागली होती.)

"घेऊ की," तो म्हणाला. "मशीनचे पैसे काय, एकदाच जातात. खरा प्रश्न पुढचा. मीठ किती लागणार, वीज किती, मशीन धुण्यात पाणी किती जाणार. महिन्याचा खर्च कळल्याशिवाय हो कसं म्हणायचं?"

"किती दिवस लागतील?"

"आठवडाभर धर."

इरावतीने उजव्या खांद्याला बाम चोळला आणि ती वह्या तपासायला बसली. ती शाळेत गणित शिकवायची. खांदा त्या वह्यांनीच धरलाय, असं श्यामकांतचं ठाम मत होतं.

कांजूरमार्गच्या त्यांच्या टॉवरमध्ये पाणी दोन प्रकारचं यायचं. स्वयंपाकघरातल्या नळाला म्युनिसिपालिटीचं, सकाळी सहा ते सात, गोड. बाथरूमला बोअरवेलचं आणि टँकरचं, दिवसभर, जड. त्याने साबणाला फेस येत नसे आणि नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरत असे. श्यामकांतला हे सगळं मान्य होतं. फक्त या पाण्याने माणसाला काही होतं, हे मान्य नव्हतं. दोन वर्षांपूर्वी इथे राहायला आले तेव्हा पहिला महिना तो अंगभर खाजवत होता, आणि मग खाज आपोआप थांबली होती. तेव्हापासून तो लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायचा, "पाणी वाईट नसतं हो, शरीराला सवय व्हावी लागते."

शनिवारी सॉफ्टनर विकणारा नंदकिशोर आला. बाथरूमचं पाणी बाटलीत घेऊन त्याने त्यात औषधाचे थेंब मोजून टाकले, ते लाल झालं, मग पुष्कळ थेंबांनी एकदाचं निळं झालं.

"काका, पाणी जाम हार्ड आहे."

"ते असू दे. महिन्याला मीठ किती लागेल?"

"तुम्ही पाणी किती वापरता त्यावर आहे."

"किती वापरतो?"

"ते मला कसं माहीत असणार, काका?"

या प्रश्नाने श्यामकांतची झोप उडाली. पंचवीस वर्षांत आपण लोकांच्या इमारतींचा हिशोब केला आणि स्वतःच्या बाथरूमचा आकडा आपल्याला ठाऊक नाही, हे त्याच्या मनाला फार लागलं. दुसऱ्याच दिवशी प्लंबर बोलावून त्याने बाथरूमच्या पाइपवर छोटं मीटर बसवून घेतलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ चष्मा लावून आकडा टिपायला सुरुवात केली. इरावती एकदा काहीतरी बोलायला आली होती, पण तो म्हणाला, "थांब गं, रीडिंग चालू आहे."

आठवड्याचा आकडा आला एकशे चाळीस लिटर. दिवसाला वीस.

आधी त्याला आनंद झाला. या हिशोबाने महिन्याला मीठ किलोभर लागणार होतं. घरात लोणच्याला याहून जास्त लागतं. पण मग त्याच्यातला एस्टिमेटवाला जागा झाला. त्याची स्वतःची निळी बादली अठरा लिटरची. इरावतीने रोज साडेसातला "श्याम, पाणी काढलंय" म्हणून हाक मारली की तो जायचा आणि ती गरम पाण्याची भरलेली बादली संपवून यायचा. म्हणजे उरले दोन लिटर. घरातल्या दोन बायकांत मिळून.

त्याने आकडेमोड तीनदा केली. तिन्ही वेळा उत्तर एकच येत होतं, आणि ते भलतंच होतं. शेवटी मनाचा हिय्या करून त्याने कॉलेजातून आलेल्या लेकीला, सईला, बाल्कनीत बोलावलं.

"सई, रागावू नकोस. शेवटची आंघोळ कधी केलीस?"

"आज सकाळी."

"कशाने?"

"पाण्याने, बाबा."

"मीटर वेगळंच सांगतंय."

सईने ओठ दाबून हसू आवरलं. "मग मीटरलाच विचार. नाहीतर आईला. मला तिने शपथ घातलीय, मी काही बोलणार नाही."

म्हणजे कट होता. आता इरावतीला विचारणं भाग होतं. पण चोवीस वर्षं संसार केलेल्या बायकोला "तू आंघोळ करतेस का" असं विचारायचं, तर त्यापुढचा खर्च कुठल्याच तक्त्यात बसण्यासारखा नव्हता. त्याने दुसऱ्या दिवशीचा सकाळी सहाचा गजर लावला.

गजर झाल्यावर वही-पेन्सिल घेऊन तो पाय न वाजवता बाहेर आला. बाथरूममध्ये कोणी नव्हतं. दिवा स्वयंपाकघरात होता. गॅसवर मोठं पातेलं तापत होतं, आणि म्युनिसिपालिटीच्या नळाखाली निळी बादली भरत होती. भरली तशी इरावतीने ती डाव्या हाताने उचलली, चार पावलं आली, जेवणाच्या टेबलापाशी टेकवली, उजवा खांदा दाबत जरा उभी राहिली आणि पुन्हा उचलली. मागे आणखी दोन बादल्या रांगेत होत्या.

"हे काय?" श्यामकांतने विचारलं.

"तुझं पाणी."

"माझं?"

"तुझं, सईचं, माझं. बाथरूमचं पाणी तुला बाधत होतं ना, तेव्हापासून."

"आणि मीटर?"

"हात-पाय धुण्याचं दाखवत असेल."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगणारच होते रे. पण तुझी खाज गेली आणि तू अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटलास की शरीराला सवय झाली. एवढा खूश होतास, म्हटलं राहू दे. आता हात वर जात नाही, म्हणून सॉफ्टनर म्हटलं."

श्यामकांत उभ्या जागी हिशोब करू लागला. ती त्याची खोडच होती. रोज तीन बादल्या, दोन वर्षं. चाळीस टनांच्या आसपास आकडा येत होता. त्याच्या कंपनीच्या लिफ्टमध्ये एक माणूस जास्त झाला तर घंटा वाजते आणि दार लागत नाही. इरावतीने चाळीस टन उचललं होतं आणि घरात कसलाच आवाज झाला नव्हता, किंवा झाला असेल तर तेव्हा श्यामकांत रीडिंग घेत होता. त्याला स्वतःची लाज वाटली. आपल्याला दोन वर्षं जे शरीराचं कौतुक वाटत होतं, ते हिच्या खांद्याचं होतं, हे त्याला कळलं आणि डोळ्यांत पाणी आलं. त्याने वही मिटली.

"ठेव ती बादली खाली," तो म्हणाला.

नऊ वाजता त्याने नंदकिशोरला फोन करून सॉफ्टनर सांगितला. किंमत विचारली नाही, मीठही विचारलं नाही. मशीन यायला आठ दिवस होते. तोवर पाणी मी भरणार, असं त्याने जाहीर केलं. इरावती नको म्हणत होती, सई तर हात जोडत होती, पण त्याचा निश्चय पक्का होता. दुसऱ्या दिवशी सहाला उठून त्याने पहिली बादली झोकात नेली, दुसरी बेताने नेली, आणि तिसरी उचलायला वाकला तो वाकलेलाच राहिला. डॉक्टरांनी पंधरा दिवस पाठीवर झोपून राहायला सांगितलं.

त्यामुळे सॉफ्टनर बसला तेव्हा श्यामकांत हॉलमधल्या दिवाणावर आडवा होता. काम आटोपून नंदकिशोर इरावतीला माहिती द्यायला आला.

"काकू, याचं काही करावं लागत नाही. वेळेवर मीठ घालायचं, आठवड्यातून एकदा तो आपला आपण धुऊन निघतो. बाकी कोपऱ्यात गप्प पडून असतो."

"मग स्वस्तच पडला," इरावती श्यामकांतला कुशीवर वळवून त्याच्या पाठीला शेकाची पिशवी लावत म्हणाली. "आमच्याकडे आधीचा एक आहे. त्याला वेळेवर खायला घाला, दिवसातून दोनदा शेका, आणि आता तर त्याला धुवावंही मलाच लागतं."

नंदकिशोरने दिवाणाकडे पाहिलं. "याची वॉरंटी नव्हती का, काकू?"

"कुठली वॉरंटी," इरावती म्हणाली. "माझ्या बाबांनी एस्टिमेट न काढताच घेतला."